काळ्या पेटीपासून सुवर्णकणांपर्यंत



दिवसभर ज्या उन्हाने आपल्या अंगाची लाही लाही केली, ते कलल्यावर आपण येथे जमलो आहोत. दुपारी त्या उन्हाला आपण सर्वांनीच बरेवाईट शब्द ऐकवले असतील. आता संध्याकाळच्या वाऱ्यात बसून त्याच्याविषयी चार शब्द शांतपणे बोलावेत, अशी माझी इच्छा आहे. निरभ्र दिवशी मध्यान्हीला एक चौरस मीटर जमिनीवर सुमारे १००० वॅट इतकी सौर शक्ती पडते. विजेची एक इस्त्री तापवण्यास जेवढी शक्ती लागते, साधारण तेवढी ही झाली. म्हणजे एखाद्या मध्यम वाड्याच्या धाब्यावर जणू शंभर इस्त्र्या भर दुपारी तापत असतात आणि त्याच धाब्याखाली गृहिणी पाणी तापवण्यासाठी पैसे देऊन आणलेले इंधन जाळीत असते. हा विरोधाभास माणसाला आजच जाणवला असे नाही. तो दूर करण्याचा प्रयत्न अडीचशे वर्षे चालू आहे, आणि त्या प्रयत्नाचा एक अंक आपल्या मुंबईत घडलेला आहे.

ऊन पकडू पाहणाऱ्या माणसापुढे तीन अडचणी उभ्या राहतात. ऊन विरळ असते, म्हणून ते गोळा करावे लागते. नुसते गोळा करून भागत नाही, ते कोणत्या तरी पदार्थाकडून गिळवावे लागते, तेव्हाच त्याची उष्णता होते. आणि गिळलेली उष्णता पळून जाऊ पाहते, तेव्हा तिला कोंडावे लागते. गोळा करणे, गिळणे आणि कोंडणे, या तीन क्रियांचा इतिहास हाच सौर उष्णतेचा इतिहास होय. त्यांपैकी मधल्या क्रियेकडे, म्हणजे गिळण्याकडे, आज मी आपले लक्ष विशेष वेधणार आहे. कारण अगदी अलीकडचा शोध तेथे लागलेला आहे.

आरंभ कोंडण्यापासून झाला. जिनीव्हा येथील ओरास बेनेडिक्ट द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने १७६७ साली एकात एक अशा पाच काचेच्या पेट्या काळ्या टेबलावर ठेवून उन्हात तापवल्या. सर्वांत आतल्या पेटीतील हवा ८७ अंश सेल्सियसच्या वर गेली. पुढे त्याने लाकडाची पेटी केली, तिला आतून काळे बूच लावले आणि वर काचेची तीन झाकणे बसवली. या पेटीत उष्णता १०९ अंशांपर्यंत, म्हणजे पाणी उकळण्याच्या पलीकडे पोचली. ही पेटी घेऊन सोस्यूर आल्प्समधील क्रामाँ शिखरावर चढला. वरची हवा खालच्यापेक्षा पुष्कळ थंड होती, तरी पेटीतील उष्णता जवळजवळ तेवढीच भरली. पेटीला ऊब देणारी बाहेरची हवा नसून सूर्याचे किरण होत, हे त्यावरून दिसून आले. पुढे ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल १८३४ ते १८३८ या काळात दक्षिण आफ्रिकेत केप येथे राहिला होता, तेव्हा त्याने अशाच पेटीत अन्न शिजवून दाखवले. आपल्याकडे मिळणारी सौर चुलीची पेटी ही याच घराण्यातील होय.

गोळा करण्याच्या अंगाने फ्रान्समध्ये फार मोठे काम झाले. तूर येथील गणिताचा शिक्षक ओग्युस्तँ मूशो याने १८६० च्या सुमारास असा विचार केला की, कोळसा आज ना उद्या संपणार, मग कारखाने कशावर चालणार? त्याने नरसाळ्याच्या आकाराचा मोठा धातूचा आरसा केला आणि त्याच्या मध्यावर काळा बॉयलर उभा केला. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने आपल्या भव्य यंत्राच्या वाफेवर बर्फ करून दाखवला. उन्हाने बर्फ करणारा हा माणूस पाहून लोक थक्क झाले आणि त्याला सुवर्णपदक मिळाले. परंतु रेल्वे आणि व्यापारी करार यांमुळे फ्रान्समध्ये कोळसा स्वस्त झालेला होता. सरकारी चौकशीत यंत्र चालते असे ठरले, पण परवडत नाही असेही ठरले. पदक कपाटात राहिले आणि यंत्र अडगळीत गेले.

आता आपल्या मुंबईकडे वळू. ज्या वर्षी पॅरिसमध्ये मूशोचा गौरव झाला, त्याच १८७८ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. उष्ण कटिबंधातील देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता कशी वापरता येईल, हा त्याचा विषय. लेखक कोणी विज्ञानाचा प्राध्यापक नव्हता. विल्यम अ‍ॅडम्स हे मुंबई हायकोर्टाचे डेप्युटी रजिस्ट्रार होते. दिवसभर कज्जेदलालीच्या कागदांत बुडालेल्या या गृहस्थांनी मूशोच्या यंत्राचे वर्म बरोबर ओळखले होते. वाकवलेला धातूचा आरसा महाग, त्याचा आकार वाढवणे अवघड. त्याऐवजी सपाट काचेचे साधे छोटे आरसे घ्यावेत, ते एका चौकटीत ओळीने लावावेत, प्रत्येकाचा कोन असा बसवावा की सर्वांचे कवडसे एकाच बॉयलरवर पडतील, आणि सूर्य सरकेल तशी ती चौकट अर्धवर्तुळाकार मार्गावरून ढकलावी, अशी त्यांची योजना होती. आरसा होता १७ इंच लांब आणि १० इंच रुंद. कोणत्याही बाजारात मिळावा इतका तो साधा होता. मिडल कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात त्यांनी या उष्णतेवर अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप चालवला आणि तो पाहण्यासाठी लोकांना वर्तमानपत्रांतून आमंत्रण दिले. त्यांनी एक आठकोनी चूलही केली. जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईच्या थंडीतल्या थंड दिवसांत, तिच्यावर सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजला. आज स्पेनमध्ये उंच मनोऱ्यावर हजारो सपाट आरशांचे कवडसे पाडून वीज केली जाते, तेव्हा त्यामागील युक्ती मिडल कुलाब्यातील त्या चौकटीचीच असते.

या यंत्राचे पुढे काय झाले? काहीच झाले नाही. ते बिघडले नाही, फसले नाही, कोणी खोटे ठरवले नाही. ते विसरले गेले. ज्या राज्यात कोळसा खाणारे इंजिन हाच प्रगतीचा देव मानला जात होता, तेथे हायकोर्टाच्या एका अधिकाऱ्याच्या आरशांना विचारतो कोण? हीच गत पुढे अमेरिकन फ्रँक शुमन याचीही झाली. १९१३ साली इजिप्तमध्ये कैरोजवळ माआदी येथे त्याने पन्हळीच्या आकाराचे पाच लांबलचक आरसे मांडले. प्रत्येकाची लांबी सुमारे ६२ मीटर. त्यांच्या वाफेवर नाईल नदीचे पाणी मिनिटाला हजारो लिटर या वेगाने शेतांना मिळू लागले. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले, कामावरची माणसे पांगली आणि १९१८ साली शुमन वारला. त्यानंतर खनिज तेलाचे युग आले. या तीन कथांचा मथितार्थ एकच आहे. सूर्याच्या यंत्रांचा पराभव प्रयोगशाळेत झाला नाही, तो बाजारात झाला. हे सूत्र आपण मनात ठेवावे. शेवटी आपल्याला ते पुन्हा लागणार आहे.

आता गिळण्याकडे येऊ. सोस्यूर, मूशो, अ‍ॅडम्स, शुमन या सर्वांनी ऊन गिळण्यासाठी एकच वस्तू वापरली, ती म्हणजे काळा रंग. काळी वस्तू ऊन चांगले गिळते हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. परंतु काळ्या रंगात एक दोष आहे. गुस्टाव्ह किरखोफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ साली नियम सांगितला की, जी वस्तू एखाद्या जातीचे किरण चांगले गिळते, ती तापल्यावर त्याच जातीचे किरण चांगले फेकतेही. म्हणजे काळा पत्रा एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने उधळतो. या उधळ्या वारसाला लगाम घातला तो हॅरी टेबर या शास्त्रज्ञाने, इस्रायलमध्ये. सूर्याचे किरण आखूड लांबीचे असतात, तर शंभर-दीडशे अंशांना तापलेला पत्रा लांब लांबीचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण फेकतो, हा भेद त्याने हाताशी धरला. चकचकीत धातूवर काळ्या निकेलसारखा अत्यंत पातळ थर दिला की तो पत्रा सूर्याच्या किरणांना काळा आणि स्वतःच्या किरणांना आरसा, असा दुहेरी वागतो. १९५५ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोना येथे भरलेल्या सौरशक्ती परिषदेत त्याने हे मांडले. इस्रायलमधील घराघरांच्या गच्चीवर जे पाण्याचे बंब आले, त्यांच्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

तरीही एक गोष्ट राहिलीच होती. टेबरच्या पत्र्यातसुद्धा उष्णता जन्मते ती पत्र्यावर. तेथून ती नळीत जाते, नळीतून पाण्यात जाते. पाणी तापायचे तर पत्रा पाण्याहून अधिक तापावा लागतो, आणि जो अधिक तापतो तो अधिक गमावतो. मग पाण्यातच ऊन गिळवता आले तर? स्वच्छ पाणी दृश्य प्रकाश फारसा गिळत नाही. पण त्यात काही कालवले तर? १९७५ साली अमेरिकेत मिनार्डी आणि चुआंग यांनी पारदर्शक नळ्यांतून काळे पाणी खेळवून हा प्रयोग केला. ते काळे पाणी म्हणजे पाण्यात कालवलेली शाई होती, आणि गंमत अशी की त्या शाईचे इंग्रजी नाव ‘इंडिया इंक’ असे आहे! काजळाच्या कणांचीच ती शाई. कल्पना चांगली होती, परंतु असे रंग उन्हात फिके पडतात आणि कण तळाशी बसतात. म्हणून असा कण हवा होता की जो अतिसूक्ष्म असेल, उन्हात विटणार नाही आणि प्रकाशाचा मात्र अधाशी असेल.

तो कण सोन्याचा निघाला. याची कथा काचकारागिरांपासून सुरू होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये लायकर्गस राजाच्या नावाने ओळखला जाणारा चौथ्या शतकातील एक रोमन काचेचा प्याला आहे. समोरून प्रकाश पडला म्हणजे तो हिरवा दिसतो आणि मागे दिवा धरला म्हणजे माणकासारखा लाल होतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात त्या काचेत सोने व चांदी यांचे अतिसूक्ष्म कण आढळले. सतराव्या शतकात जर्मनीत योहान कुंकेल सोने घालून माणिकरंगी काच करीत असे. आपल्याकडील सुवर्णभस्मातही आधुनिक सूक्ष्मदर्शकांना असे बारीक कण सापडले आहेत. यावरून आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते असा डंका पिटण्याचे कारण नाही. रोमन कारागीर, जर्मन काचकार आणि आपला वैद्य या तिघांनाही कृती साधली होती, कारण कळलेले नव्हते. आणि कृती साधणे हेही काही लहान काम नव्हे.

कारणाचा माग काढण्यास आरंभ केला मायकेल फॅरडे याने. १८५७ साली रॉयल सोसायटीपुढे त्याने सोने आणि प्रकाश यांच्या संबंधावर व्याख्यान दिले. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणापासून त्याने एक लाल पाणी तयार केले होते. ते दिसायला पारदर्शक, पण त्यातून प्रकाशाची तिरीप सोडली की तिचा मार्ग उजळून दिसे. त्यावरून, यात सोने विरघळलेले नसून अत्यंत बारीक कणांच्या रूपाने तरंगत आहे, असे अनुमान त्याने काढले. त्याच्या हातच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवल्या आहेत आणि दीडशेहून अधिक वर्षांनीही त्यांतील पाणी लालच आहे. फॅरडेने आणखी एक गोष्ट टिपली होती. या लाल पाण्यात थोडे मीठ टाकले की ते निळसर होते. मिठाने कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा गुण बदलतो. ही क्षुल्लक वाटणारी नोंद पुढे किती महत्त्वाची ठरली, ते थोड्या वेळाने सांगतो.

१९०८ साली गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने गणिताने दाखवून दिले की, एवढ्या लहान गोलावर प्रकाश पडला असता तो किती गिळला जाईल आणि किती विखुरला जाईल. आता त्यामागील चित्र सोप्या शब्दांत सांगतो. धातूत असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे हिंडत असतात. प्रकाशाची लाट आली की ती त्यांना एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलते. मोठ्या धातूच्या तुकड्यात ते ही लाट परतवून लावतात, म्हणून धातू चकाकतो. पण कण जर काही दशलक्षांश मिलिमीटर एवढाच असेल, तर इलेक्ट्रॉन त्या चिमुकल्या घरात कोंडलेले असतात आणि सर्व मिळून एका ठरावीक ठेक्यात हेलकावे खाऊ लागतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का देत गेले की झोका उंच चढतो. बेलय धक्क्याने चढत नाही. प्रकाशाचा ठेका या झोक्याच्या ठेक्याशी जुळला की कण आपल्या आकाराच्या मानाने कितीतरी अधिक प्रकाश ओढून घेतो. १९५० च्या दशकात डेव्हिड बोम आणि डेव्हिड पाइन्स यांनी धातूतील इलेक्ट्रॉनांच्या या सामुदायिक हेलकाव्यांचा सिद्धांत उभारला आणि अशा हेलकाव्याला ‘प्लाझ्मॉन’ हे नाव मिळाले. झोका थांबतो, तेव्हा त्याची शक्ती कणात उष्णता होऊन उतरते आणि तेथून तत्काळ भोवतालच्या पाण्यात जाते. सोन्याच्या साध्या गोल कणाचा ठेका हिरव्या प्रकाशाशी जुळतो. हिरवा गिळला जातो, लाल पार होतो. प्याल्यातला माणिकरंग तो हाच.

पण सूर्य काही केवळ हिरवा प्रकाश देत नाही. त्याची जवळजवळ अर्धी शक्ती अवरक्त किरणांत असते. एकाच सुरावर डोलणारा कण घेऊन सारी मैफल कशी ऐकणार? ही गाठ अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील राइस विद्यापीठात नाओमी हालास या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवली. १९९८ च्या सुमारास त्यांनी वाळूच्या जातीच्या सिलिकेचा सूक्ष्म गोल घेऊन त्यावर सोन्याचा पातळ मुलामा चढवला. गाभा किती मोठा आणि मुलामा किती जाड, यांचे प्रमाण बदलले की कणाचा सूर बदलतो. तबलजी हातोडीने तबला लावतो, तसा हा कण हव्या त्या किरणांना लावता येतो. आरंभी त्यांचे लक्ष वैद्यकाकडे होते. अवरक्त किरणांनी असे कण तापवून कर्करोगाच्या गाठी जाळता येतील का, हे ते पाहत होते. मग विचार आला की, कणाला तापवणारा दिवा सूर्यच का असू नये?

२०१३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भिंगाने एकवटलेले ऊन कण मिसळलेल्या पाण्यावर पाडले असता काही सेकंदांत वाफ निघू लागली. नळी बर्फात ठेवली तरीसुद्धा निघाली. गिळलेल्या उन्हापैकी सुमारे ८० टक्के शक्ती वाफ करण्यात गेली, आणि सर्व हिशेब धरून यंत्राची कार्यक्षमता २४ टक्के भरली. त्याच वर्षी त्यांनी या वाफेवर चालणारी, शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करण्याची लहान पेटी करून दाखवली. १३२ अंशांची वाफ पाच मिनिटे टिकवण्याची कसोटी ती उतरली. जेथे विजेची तार पोचलेली नाही अशा दवाखान्यात बाळंतिणीची नाळ कापण्याची कात्री निर्जंतुक व्हावी, हा त्यामागील हेतू होता. मला स्वतःला कार्यक्षमतेच्या आकड्यांपेक्षा ही पेटी अधिक मोलाची वाटते.

येथवर ऐकून आपल्याला वाटेल की आता कोडे सुटले. परंतु विज्ञानात टाळ्या पडल्यानंतर उलटतपासणी सुरू होते, आणि ती झाली. प्रत्येक कणाभोवती वाफेचा स्वतंत्र बुडबुडा तयार होतो आणि बाकीचे पाणी थंडच राहते, असा हालास यांच्या मंडळींचा विचार होता. मॅसॅच्युसेट्स येथील गँग चेन यांच्या मंडळींनी २०१५ साली दाखवले की, इतक्या जादूची आवश्यकता नाही. सर्व कण मिळून पाण्याचा वरचा थर साध्या रीतीने तापवतात, एवढ्याने ती वाफ समजून घेता येते. त्याआधी २०१४ साली त्यांनीच पाण्यावर तरंगणाऱ्या कार्बनच्या सच्छिद्र चकतीवर ग्रॅफाइटचा थर देऊन, दहापट एकवटलेल्या उन्हात ८५ टक्क्यांपर्यंत कार्यक्षमता मिळवली होती. त्यात सोन्याचा एक कणही नव्हता. म्हणजे जुने काजळ पुन्हा सोन्यापुढे येऊन उभे राहिले!

आणि येथेच फॅरडेचे मीठ आठवते. सौर वाफेची सर्वांत मोठी गरज आहे ती खारे पाणी गोडे करण्यासाठी. पण समुद्राच्या पाण्यात नुसते कण सोडले तर मिठाने ते एकमेकांना चिकटतील आणि त्यांचा सूर जाईल. त्यासाठी कणांना एक तर संरक्षक लेप द्यावा लागतो, किंवा पाण्यात न सोडता एखाद्या चाळणीला पक्के बसवावे लागते. चीनमधील नानजिंग येथील संशोधकांनी २०१६ साली हाच मार्ग धरला आणि सोन्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम घेतले. अ‍ॅल्युमिनियमच्याच ऑक्साइडच्या सच्छिद्र पडद्यात त्याचे लहानमोठे कण एकमेकांजवळ बसवले. निरनिराळ्या आकारांचे कण निरनिराळ्या सुरांना डोलतात, म्हणून सर्व मिळून जवळजवळ सारे ऊन गिळतात. हा पडदा खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो आणि वरून गोडी वाफ देतो. राजाच्या प्याल्यातील युक्ती अशा रीतीने स्वयंपाकघरातील पातेल्याच्या धातूपर्यंत उतरली.

मंडळी, मघाशी मी एक सूत्र मनात ठेवण्यास सांगितले होते. मूशो, अ‍ॅडम्स, शुमन यांचा पराभव बाजारात झाला. या सूक्ष्म कणांचेही भवितव्य तेथेच ठरणार आहे. सोन्याचा कण वाफ करताना खर्च होत नाही हे खरे. पण तो तयार करणे, टिकवणे आणि परत मिळवणे यांस खर्च आहे. प्रश्न कण काळ्या रंगाहून हुशार आहे की नाही, हा नव्हे. तो हुशार आहे यात संशय नाही. प्रश्न असा की, ती हुशारी कोणत्या कामी लावावी? न्हाणीच्या पाण्यासाठी टेबरचा पत्रा पुरेसा आहे. मोठ्या स्वयंपाकासाठी आरसे पुरेसे आहेत. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ साली तशा तबकड्या बसवल्या गेल्या, त्यात कोणताही चमत्कार नव्हता. पण जेथे ऊन थोडे, जागा लहान, वीज नाही आणि वाफ मात्र तत्काळ हवी, तेथे, म्हणजे दुर्गम दवाखान्यात किंवा खाऱ्या विहिरींच्या गावात, या कणाला खरे स्थान आहे. सर्वत्र त्याला नेऊन बसवू पाहणे म्हणजे सोन्याच्या सुरीने कांदा चिरणे होय.

कुलाब्यातील त्या बंगल्याच्या आवारात लोक आरशांचा पंप पाहून परतले, तेव्हा ते काय बोलले असतील? बहुधा ‘मौज आहे’ एवढेच. त्या मौजेची किंमत मोजणारा कोणी त्यांच्यात नव्हता, म्हणून एक चांगले यंत्र ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसले. आज आपल्यापुढे तशीच एक नवी मौज आली आहे. तिच्याकडे पाहून आपण टाळ्या वाजवाव्यात, अवश्य वाजवाव्यात. परंतु घरी जाताना एक हिशेबही बरोबर न्यावा. हिला किती खर्च येतो, ती कोणाच्या उपयोगी पडेल आणि आपल्या गावात ती कोठे लावता येईल, हे विचारणारे चार नागरिक निघाले, तर मुंबईच्या त्या डेप्युटी रजिस्ट्रारचे जुने ऋण थोडेसे फिटले असे मी समजेन. ऊन तर उद्याही येणारच आहे.